चालती राहावी म्हणून

पोर्शे बॉक्स्टरचं इंजिन दिसत नाही. पुढचं झाकण उघडलं तर सामान ठेवायची खोल जागा. मागचं उघडलं तर तिथंही सामानाचीच जागा. एका कडेला ऑइलचं आणि कूलंटचं अशी दोन बुचं, ऑइल मोजायची पट्टी, बस्स. सहा सिलिंडरांचं इंजिन दोन सीटांच्या पाठीमागे आणि मागच्या चाकांच्या पुढे, गाडीच्या पोटात आडवं पडलेलं आहे. ते पाहायचं तर छत अर्धवट उचलून धरायचं, गालिचा काढायचा, पत्र्याचं झाकण सोडवायचं. एवढं करूनही वरून दिसतं ते थोडंच. बाकी सगळं काम खालून, गाडी लिफ्टवर चढवून.

इंजिन तिथं ठेवण्याला कारण आहे. पुढे जड असलेली गाडी वळणावर नाक बाहेर ओढते, मागे जड असलेली शेपूट बाहेर टाकू बघते. वजन मध्यावर असलं की स्टिअरिंग जरासं फिरवताच सगळी गाडी एकदम वळते, पुढचं आणि मागचं असं वेगळं काही जाणवतच नाही. श्टुटगार्टच्या पश्चिमेला जंगलातून झोलिट्यूडचा रस्ता जातो. १९६५ पर्यंत तिथं शर्यती होत, आता तो रोजच्या वाहतुकीचा रस्ता आहे आणि वेगाची मर्यादा पाळूनच जावं लागतं. तरी सकाळी लवकर, रस्ता कोरडा असताना, छत उघडं टाकून त्या चढणीवर तिसऱ्या गिअरमध्ये गेलं की पाठीमागून येणारा इंजिनाचा आवाज आधी पाठीत जाणवतो, मग कानात. चार हजार फेऱ्यांच्या पुढे त्याचा सूर बदलतो. ते वळण, तो सूर यासाठी मी ही गाडी घेतली.

जे वळणावर सुख देतं तेच गॅरेजमध्ये बिल वाढवतं. बिघडलेला भाग लहानसा असतो, स्वस्तही असतो. पण त्याच्यापर्यंत हात पोहोचवायला माणसाचे पाच-सहा तास जातात आणि जर्मनीत माणसाचा तास महाग आहे. कूलंटची टाकी हे याचं उत्तम उदाहरण. साधी प्लॅस्टिकची टाकी. वर्षानुवर्षं तापून-निवून तिचा सांधा चिरतो, हे या जातीच्या गाड्यांचं ठाऊक असलेलं दुखणं. मागच्या डिकीतला गालिचा ओला लागला, गोडसर वास आला की ओळखावं. टाकी बदलायची म्हणजे मात्र डिकी रिकामी करून वरून आणि गाडी उचलून खालून, दोन्हीकडून भिडायचं. पाण्याच्या पंपाचंही तसंच. आतला पंखा प्लॅस्टिकचा. तो मोडला तर तुकडे पाण्याबरोबर इंजिनभर फिरतात, म्हणून जाणकार पंप गळायची वाट न पाहता ठरावीक वर्षांनी बदलून टाकतात.

मी गाडी घेतली तेव्हा ती एका नव्या छोट्या हॅचबॅकच्या भावात मिळाली. २००२ ची बॉक्स्टर एस, ३.२ लिटरचं इंजिन, २५२ अश्वशक्ती. या भावाला भुलून घेणारे पुष्कळ, आणि वर्षा-दोन वर्षांत विकणारेही तेवढेच. गाडीची किंमत वयाबरोबर उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. उलट दरवर्षी थोडी चढते. मागचे टायर २५५ मिलिमीटर रुंद, आणि कंपनीने तपासून मान्यता दिलेल्या टायरवर ‘एन’ची खूण असते. ब्रेकच्या चकत्या भोकं पाडलेल्या, कॅलिपर लाल रंगाचे. ऑइल एका खेपेला ८ लिटरपेक्षा जास्त लागतं. आपल्याकडच्या साध्या मोटारीला त्याच्या निम्म्याहून कमी पुरतं. सरकारी कर इंजिनाच्या आकारावर, तो वर्षाला २१६ युरो. या सगळ्यात तोच काय तो किरकोळ वाटतो. ही गाडी नवी असताना ज्या माणसासाठी बनली त्याच्या ऐपतीप्रमाणे तिचे खर्च आहेत, आणि ते आजही तसेच आहेत. घेणाऱ्याने पहिल्या दिवशीच गाडीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाएवढी रक्कम बाजूला काढून ठेवावी, असं माझं स्पष्ट मत आहे. तेवढे पैसे नसतील तर थांबावं. हौसेपायी घेतलेली आणि पैशांअभावी अंगणात उभी राहिलेली अशी गाडी बघवत नाही.

या गाडीमागची हकीकत मला मनापासून आवडते. नव्वदीच्या सुरुवातीला पोर्शे कंपनी बुडायच्या बेतात होती. व्हेंडेलिन व्हीडेकिंग यांनी सूत्रं हाती घेतली आणि टोयोटात घडलेल्या जपानी जाणकारांना कारखान्यात बोलावलं. कारखान्यात सुट्या भागांची माणसाच्या डोक्यावर जाणारी कपाटं होती. त्या जपानी गुरूंनी व्हीडेकिंग यांच्याच हातात करवत देऊन ती कपाटं कमरेच्या जरा वर कापायला लावली, असं सांगतात. साठा कमी, शोधाशोध कमी, वाया जाणारी पावलं कमी. १९९३ मध्ये डेट्रॉइटच्या प्रदर्शनात बॉक्स्टरचा नमुना दाखवला, १९९६ मध्ये गाडी बाजारात आली. पाठोपाठ १९९७ मध्ये आलेल्या पोर्शेच्याच नव्या ९११ चा पुढचा सगळा भाग, दारं, इंजिनाचं घराणं बॉक्स्टरशी सामाईक होतं. एका खर्चात दोन गाड्या. त्या ९११ च्या दिव्यांचा आकार लोकांना रुचला नाही, वाऱ्याने थंड होणारं जुनं इंजिन जाऊन पाण्याचं आलं याचंही दुःख झालं. पण कंपनी वाचली ती या दोन गाड्यांवर. मागणी एवढी वाढली की श्टुटगार्टमधला झुफेनहाउझनचा कारखाना अपुरा पडला आणि बॉक्स्टर फिनलंडमध्ये उसिकाउपुंकी नावाच्या गावीही बनू लागली. गाडीच्या चेसिस नंबरात अकराव्या जागी ‘एस’ असेल तर श्टुटगार्टची, ‘यू’ असेल तर फिनलंडची. माझी ‘यू’ची आहे. झुफेनहाउझन माझ्या घरापासून लोकलच्या अंतरावर, आणि गाडी मात्र बाल्टिकच्या काठावरून आलेली.

पैसा वाचवताना जे जे साधं केलं त्यातलंच एक बेअरिंग पुढे जगभर गाजलं. या इंजिनात क्रँकशाफ्ट साखळीने एक मधला शाफ्ट फिरवतो आणि त्या शाफ्टवरून निघालेल्या साखळ्या दोन्ही बाजूंच्या कॅमशाफ्टना फिरवतात. मधल्या शाफ्टचं फ्लायव्हीलकडचं टोक ज्या बेअरिंगवर टेकलं आहे ते गोळ्यांचं, दोन्हीकडून सील केलेलं, आत ग्रीस भरलेलं. जुन्या वाऱ्याच्या इंजिनांत या जागी साधं बुश असे आणि त्याला पंपाचं दाबाखालचं ऑइल सतत मिळे. इथं तसं नाही. गरम ऑइल सीलमधून थोडं थोडं आत झिरपतं, ग्रीस धुऊन नेतं, आणि ताज्या ऑइलची ये-जा मात्र तिथं होत नाही. मग एखाद्या इंजिनात गोळ्या झिजतात, बेअरिंग ढिलं पडतं, साखळी सैल होते, टायमिंग हुकतं आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. त्यानंतर दुरुस्तीला काही उरत नाही. अमेरिकेत यावर मालकांनी सामूहिक खटला केला आणि २०१३ मध्ये तडजोड झाली. बहुतेक इंजिनांची बेअरिंगं मात्र काही न होता चालली, आजही चालताहेत. मला यातली अस्वस्थता समजते. हजारातल्या किती गाड्यांना झालं हा हिशेब, आपली गाडी रात्री महामार्गावर असताना मनाला पुरत नाही.

त्या बेअरिंगपर्यंत जायचं तर गिअरबॉक्स उतरवायचा, क्लच काढायचा, फ्लायव्हील काढायचं. म्हणून शहाणपणाची रीत अशी की क्लचप्लेट बदलायची वेळ आली की त्याच खेपेला बेअरिंग आणि क्रँकशाफ्टचं मागचं ऑइल सील दोन्ही बदलून घ्यायची. मी तेच केलं. आमचा मिस्त्री सत्तरीकडे झुकलेला श्वाबियन माणूस आहे. त्याचं गॅरेज गावाबाहेर, सफरचंदाच्या बागांना लागून. मला त्या दिवशी त्याने मुद्दाम बोलावलं होतं. गाडी वर, गिअरबॉक्स खाली ढकलगाडीवर ठेवलेला, आणि एरवी कधी न दिसणारं इंजिनाचं मागचं तोंड समोर. त्याने क्रँकशाफ्ट एका जागी पिन घालून पक्का केला, कॅमशाफ्ट बांधले, साखळ्यांचे टेन्शनर सोडले, मग तीन बोल्ट काढून छोटी गोल फ्लॅन्ज अलगद उचलली. पुलर लावून हळूहळू स्क्रू फिरवला. बराच वेळ काही हललं नाही. मग टक् असा आवाज झाला आणि बेअरिंग बाहेर आलं. त्याने ते फडक्याने पुसून माझ्या तळहातावर ठेवलं. बाहेरचा व्यास ४७ मिलिमीटर. सील एका कडेला जरा सुटलेलं, आत ग्रीस उरलेलं नव्हतं, काळसर पातळ ऑइल होतं. बोटाने फिरवलं तर मऊ फिरलं, कुठं अडखळलं नाही. “अजून काही वर्षं गेलं असतं,” तो म्हणाला. “कदाचित.” आणि नवं बेअरिंग हातात घेतलं.

क्लच, फ्लायव्हील, सील, बेअरिंग आणि दोन दिवसांची मजुरी मिळून बिल अडीच हजार युरोंच्या पुढे गेलं. रात्री सांगलीला बाबांना फोन केला. बाबा एसटीच्या विभागीय कार्यशाळेत फिटर होते. मी आकडा सांगितला. त्यांनी मनातल्या मनात शंभराने गुणलं असणार, कारण थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, “बेअरिंगचा नंबर काय रे?”

“बासष्ट शून्य चार.”

“६२०४? अरे, ते आपल्या विहिरीवरच्या मोटारीतसुद्धा असतं.”

“हो बाबा. माप तेच.”

“मग एवढं बिल कशाचं?”

“तिथवर पोहोचायचं.”

“हां,” ते म्हणाले, “मजुरी. मजुरीचं बरोबर आहे. जुनं ऑइल कसं निघालं? बोटावर घेऊन बघितलंस का?”

बाबांकडून मला एवढंच शिकायला मिळालं, आणि ते पुरलं. लहानपणी मी डबा घेऊन कार्यशाळेत जायचो. बसचं इंजिन चालू असे आणि बाबा लांब पेचकसाचं टोक ब्लॉकवर टेकवून मुठीला कान लावून उभे असत. पेचकस एक वीत इकडे सरकवायचे, पुन्हा ऐकायचे. सोबतची माणसं गप्प. मग ते बोटाने एक जागा दाखवत. ऑइल चिमटीत घेऊन चोळत, नाकाजवळ नेत, उन्हात धरून पाहत. डिझेलचा वास आला तर वेगळं, कण लागला तर वेगळं. मला तेव्हा वाटे, ही काही तरी विद्या आहे आणि ती फक्त बाबांना येते. आता वाटतं, त्यात विद्येपेक्षा सवयीचा भाग जास्त होता. गाडी बिघडलेली नसतानाही ते ऐकत असत. चांगलं इंजिन कसं वाजतं हे कानाला रोज माहीत असलं की बिघडलेलं वेगळं शिकावं लागत नाही.

म्हणून ऑइल बदलायच्या दिवशी मी मिस्त्रीकडे थांबतोच. या इंजिनाचा ऑइल फिल्टर कागदाचा, प्लॅस्टिकच्या पेल्यात बसवलेला. पेला खालून सोडवला की आतलं काळं ऑइल बशीत ओततो आणि फिल्टर बाजूला काढतो. मग कात्रीने त्याची वरची-खालची कड कापायची आणि घड्या केलेला कागद पट्टीसारखा उलगडत न्यायचा. दिव्याखाली प्रत्येक घडी उघडून बघायची. बारीक काळी पूड असते, तिचं काही नाही. तपकिरी प्लॅस्टिकची कपची दिसली तर ती साखळी ज्या गादीवरून घासत जाते तिची. थोडी असली तर चालतं, जास्त असली तर गादी झिजत आली. चकाकणारा कण दिसला की लोहचुंबक फिरवायचं. चिकटला तर पोलाद, म्हणजे बेअरिंगकडे किंवा साखळीकडे संशय. नाही चिकटला तर अॅल्युमिनियम, मग सिलिंडरच्या भिंतींकडे लक्ष. सिलिंडरवर ओरखडे पडणं हा या घराण्यातला दुसरा मोठा आजार, ९११ च्या मोठ्या इंजिनांत जास्त. पंधरा-वीस मिनिटांचं काम, खर्च शून्य. वर्षभराच्या धास्तीला याहून चांगलं औषध मला सापडलेलं नाही. मिस्त्री कागद उलगडताना बोलत नाही, मीही नाही. शेवटच्या घडीपर्यंत काही सापडलं नाही की तो कागद गुंडाळून टाकतो आणि नवा फिल्टर घेतो.

आवाजांचं आणि धुराचंही असंच. थंडीत रात्रभर उभी राहिल्यावर चालू करताना एका नळीतून निळसर धुराचा छोटा झोत येतो. नवे मालक घाबरतात. पण सिलिंडर आडवे असल्यामुळे थोडं ऑइल भिंतीला साचून राहतं आणि ते जळतं. मिनिटभरात धूर जातो. तोच धूर पांढरा, दाट आणि सगळी गल्ली भरून टाकणारा असला, तर इंजिनातल्या वाफेपासून ऑइल वेगळं करणाऱ्या डबीचा पडदा फाटला आणि ऑइल हवेच्या वाटेने थेट सिलिंडरांत ओढलं जातंय असं समजावं आणि इंजिन लगेच बंद करावं. दोन धुरांमधला हा फरक कागदावर वाचून कळत नाही. एकदा दुसऱ्याच्या गाडीचा पाहिला की पुन्हा चुकत नाही.

मोठ्या आजारांची चर्चा फार होते. माझ्या अनुभवाने या गाडीला त्याहून जास्त छळतं ते पाणी आणि पानं. इकडे रस्त्याकडेला लिंडन आणि चेस्टनट. ऑक्टोबरात पानं गळायला लागली की गाडीच्या पुढच्या दोन जाळ्यांतून ती आत जातात आणि रेडिएटरांसमोर साचतात. बॉक्स्टरला रेडिएटर पुढच्या दोन कोपऱ्यांत, चाकांच्या पुढे; एसला मध्ये तिसराही आहे. ओली पानं तिथं कुजतात, एसीच्या कंडेन्सरचे पातळ पापुद्रे खातात, आणि एके उन्हाळ्यात गॅस निघून जातो. बंपर काढून, पानांचे थर हाताने उपसून, मंद पाण्याने धुवायचं. एवढं दरवर्षी केलं तर हजारभर युरो वाचतात. मी जाळ्यांच्या मागे तारेची बारीक जाळी बसवून घेतली आहे, तरी वर्षातून एकदा आत बघतोच.

छताचं प्रकरण याहून सूक्ष्म. कापडी छत मागे जिथं दुमडतं तिथं दोन्ही बाजूंना पाणी वाहून जायला भोकं आहेत, बोटभर रुंद. झाडाखाली गाडी उभी केली की पानांचे देठ, चिकट फुलोरा, धूळ मिळून तिथं बूच बसतं. पाऊस आला की पाणी बाहेर जाण्याऐवजी आत, गालिच्याखाली, आणि डाव्या सीटच्या खाली साठतं. आणि नेमक्या त्याच सीटखाली किल्ली ओळखणारी इलेक्ट्रॉनिक डबी बसवली आहे. ती भिजली की गाडी किल्ली ओळखत नाही, चालू होत नाही. नवी डबी आणून किल्ल्यांशी जुळवावी लागते. देठांनी तुंबलेल्या भोकापायी मोठ्या दुरुस्तीएवढं बिल. मी छत अर्धवट उघडून बोटं घालून भोकं साफ करतो, मग भांडंभर पाणी ओततो आणि गाडीखाली वाकून ते चाकामागे पडतंय का ते पाहतो. दोन्ही बाजूंना पडलं की झालं. मागची खिडकी माझ्या वर्षीच्या गाडीला प्लॅस्टिकची. काचेची पुढच्या वर्षापासून आली. म्हणून छत निम्मं उघडल्यावर थांबवायचं, खिडकीला मधोमध हाताच्या कडेने हलकेच घडी घालायची, मग पुढे उघडायचं. कडक थंडीत उघडायचंच नाही, ते प्लॅस्टिक तडकतं. पाडावर आलेल्या आंब्यांच्या अढीकडे घरची बाई रोज एकदा नजर टाकते, एखादा डाग पडलेला दिसला की तेवढाच उचलते, तसं या गाडीकडे बघावं लागतं.

इकडे मोसमी नंबरप्लेट मिळते. प्लेटच्या उजव्या टोकाला अपूर्णांकासारखे दोन आकडे असतात: वर ०४, खाली १०. म्हणजे एप्रिल ते ऑक्टोबर गाडी रस्त्यावर, तेवढ्याच महिन्यांचा कर आणि विमा. उरलेले महिने ती सार्वजनिक रस्त्यावर उभीसुद्धा करायची नाही. पुष्कळ स्पोर्ट्‌स कारना हीच प्लेट दिसते. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते पत्र्याला खातं, म्हणून लोक गाडी झाकून ठेवतात. कारण खरं आहे. पण उभं राहण्याचीही किंमत असते. ब्रेकच्या चकत्यांवर गंज धरतो, रबरी सील सुकतात, बॅटरी उतरते, टायर एका जागी चपटतात, ऑइलमध्ये ओल धरते. त्या कुप्रसिद्ध बेअरिंगबद्दल कामात मुरलेले मिस्त्री हेच सांगतात की उभ्या गाड्यांना त्याचा त्रास जास्त, रोज पळणाऱ्यांना कमी. वर्षानुवर्षं तेच ऑइल ठेवणाऱ्यांना जास्त, लवकर बदलणाऱ्यांना कमी. मी पूर्ण वर्षाची प्लेट ठेवली आहे. जानेवारीत पाऊस मीठ धुऊन नेतो आणि रस्ता कोरडा पडतो अशा दिवशी गाडी बाहेर काढतो, तासभर चालवतो. पाण्याचा काटा लवकर वर येतो, ऑइल तापायला त्याहून बराच वेळ लागतो. ते तापेपर्यंत इंजिन तीन हजारांच्या वर नेत नाही. मग मात्र झोलिट्यूडच्या चढणीवर एकदा मोकळं सोडतो. जे यंत्र वेगाने फिरण्यासाठी घडवलं आहे त्याला तसं फिरू न देणं ही निगा नव्हे. कमी चाललेल्या, काचेसारख्या चकाकणाऱ्या गाड्यांना बाजारात जास्त भाव येतो, हे मला पटत नाही. कुणी विचारलं तर मी सांगतो, दीड लाख किलोमीटर झालेली, जाडजूड बिलांची फाइल असलेली गाडी घे. चाळीस हजार झालेली आणि फाइलमध्ये चार कागद असलेली सोडून दे. फाइल वाचताना कोणत्या वर्षी क्लच झाला, कोणत्या वर्षी पंप, ऑइल दरवर्षी बदललं का, हे दिसतं. आधीच्या मालकाचा स्वभाव दिसतो. माझ्या गाडीच्या पहिल्या मालकाने पेट्रोलसुद्धा वहीत लिहून ठेवलं होतं. ती वही मला गाडीबरोबर मिळाली आणि तिच्यात मी पुढची पानं लिहितोय.

सुटे भाग शोधणं हाही या प्रपंचाचा भाग आहे. इग्निशनच्या स्विचमागचा विजेचा भाग वयाने झिजतो, किल्ली फिरवल्यावर रेडिओ किंवा पंखा अधूनमधून मरतो. हाच भाग त्या काळच्या ऑडी गाड्यांतही होता. ऑडीच्या खोक्यात तो कितीतरी स्वस्त मिळतो. रेडिएटर, पंप, सस्पेन्शनचे आर्म यांचे मूळ पुरवठादार तेच भाग आपल्या नावाने विकतात. उलट ब्रेक, ऑइल सील आणि त्या बेअरिंगची जागा इथं काटकसर करू नये. कुठं वाचवायचं आणि कुठं नाही हे कळायला दोन-तीन वर्षं लागतात. तोवर चांगल्या मिस्त्रीचं ऐकावं, आणि त्याने सांगितलेलं काम पुढे ढकलू नये.

बाबा गेल्या उन्हाळ्यात आले होते. गाडीत बसायच्या आधी त्यांनी वाकून चारही टायर पाहिले. नक्षी अजून खोल होती, पण त्यांनी नखाने रबर दाबलं आणि म्हणाले, “कडक झालंय.” टायरच्या कडेला अंडाकृती चौकटीत चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. मी ते वाचून दाखवले. आठ वर्षं झालेली. ते काही बोलले नाहीत. चढणीवर जाताना मात्र दाराला हात धरून मागे कान देऊन बसले होते आणि वर पोहोचल्यावर म्हणाले, “इंजिन छान आहे रे. टायर बदल.”

सध्या वहीच्या शेवटच्या पानावर तीन कामं लिहिलेली आहेत. पुढच्या आर्मांचं रबर चिरायला लागलंय, खड्ड्यावरून जाताना करकरतं. ब्रेक फ्लुइडला दोन वर्षं होत आली. ते हवेतली ओल शोषतं, त्यामुळे मुदत गाठायची वाट पाहायची नाही. आणि टायर. आर्मांना मिस्त्रीने शरदापर्यंत सूट दिली आहे, दर दोन वर्षांनी होणारी सरकारी तपासणी त्यानंतरच आहे. पैसे या महिन्यात एकाच कामाचे आहेत. टायर मागवले आहेत, ‘एन’ची खूण असलेले, चारही एकाच वेळी, ब्रेक फ्लुइड त्याच दिवशी, कारण चाकं उतरलेलीच असतील.